आपण विकत घेतलेलं सॉफ्टवेअरच आपल्या क्लायंटला मेसेज पाठवतंय, काय करायचं?

खर्चीवाल्यांचा_सल्लागार (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे पण पूर्ण वाचा, खरंच अडचणीत आहे म्हणून लिहितोय.

मी इचलकरंजीत एकोणीस वर्षं टॅक्सचं काम करतो. सीए नाही, सुरुवात व्हॅटच्या काळात सेल्स टॅक्स प्रॅक्टिशनर म्हणून केली, जीएसटी आल्यावर जीएसटीपी म्हणजे जीएसटी प्रॅक्टिशनर झालो. ऑफिसात मी आणि दोन मुली. क्लायंट म्हणजे बहुतेक खर्चीवाले यंत्रमागवाले, आठ-बारा मागांचा गाळा, दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणणारे, त्यांचं ४४एडीचं, म्हणजे उलाढालीच्या ठराविक टक्क्यांवर नफा धरायचं रिटर्न आणि जीएसटी. शिवाय शंभर-सव्वाशे नोकरदार, म्हणजे शिक्षक, नगरपालिकेतले, बँकेतले, एसटीतले. नोकरदारांचं काम जून ते जुलै, २०२५ मध्ये मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि शेवटच्या रात्री आणखी एक दिवस वाढवला त्यामुळे गणपतीत पण ऑफिसच चालू.

तर झालं असं की तीन वर्षांपूर्वी मी जुनं कॉम्प्युटरवर टाकायचं सॉफ्टवेअर सोडून क्लाऊडवालं घेतलं. कंपनीचं नाव घेत नाही. दरवर्षी रिन्यूअलचे पैसे वेळेवर भरतो, चांगलं चालतं, २६एएस आणि एआयएस (आयकर खात्याकडे आधीच असलेली क्लायंटची टीडीएस, व्याज वगैरे माहिती) आपोआप खेचून आणतं, मुलींचा निम्मा वेळ वाचतो. तक्रार कामाबद्दल नाहीच.

ऑगस्टमध्ये माझ्याकडे नऊ वर्षं येणारे एक हायस्कूलचे मास्तर आले नाहीत म्हणून मीच फोन केला. म्हणाले, "अहो, तुमच्याच कंपनीचा मेसेज आलता की, ४९९ मध्ये एक्स्पर्ट भरून देतो म्हणून, मला वाटलं तुम्हीच आता ऑनलाईन केलंय, भरलं मी." मी म्हटलं मेसेज पाठवा बघू. बघतो तर माझ्याच सॉफ्टवेअर कंपनीचा! तोच लोगो जो मी पाठवतो त्या पावतीच्या खाली असतो.

मग मी न आलेल्या सगळ्यांना एकेक करून विचारलं. अकरा जणांनी त्यांच्याकडे भरलंय. अकरा म्हणजे काही दुकान बंद पडत नाही, मान्य आहे, मी त्यांच्याकडून सातशे-आठशे घेतो. पण माझा जीव कशात अडकलाय ते सांगतो. या माणसांचे मोबाईल नंबर, ईमेल, पॅन, बँक खातं, सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या हातानं, माझ्या मुलींच्या हातानं भरलंय. पैसे मी भरले, डेटा मी भरला, आणि त्याच्यावरच माझा माणूस माझ्याकडून जातोय. मी माझ्या पैशानं माझ्याच समोर दुकान मांडून दिलं असं झालं.

प्रश्न असे की, हे कायद्यात बसतं का? दुसरं सॉफ्टवेअर घेतलं तर तिथं हेच होणार नाही कशावरून? आणि क्लायंटला काय सांगायचं, कारण "त्यांच्याकडे जाऊ नका" असं सांगणं मला बरं वाटत नाही, माणूस स्वस्त बघणारच.

---

सीए_कसबापेठ

दादा, आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. नंबर तुम्ही भरलेल्या मास्टरमधून (सॉफ्टवेअरमधल्या क्लायंटच्या यादीतून) उचलला की दुसऱ्या कुठून मिळाला, हे कळल्याशिवाय आरोप करू नका. त्या कंपन्या बाहेर पण भरमसाठ जाहिरात करतात, मास्तरांनी कधीतरी टॅक्स कॅल्क्युलेटर बघायला स्वतः नंबर टाकला असेल तर तुमचं म्हणणं तिथंच पडतं. अकरातल्या प्रत्येकाला विचारा, पहिला मेसेज कधी आला, त्यात तुमचं नाव होतं का, आधी कधी त्या साईटवर लॉगिन केलं होतं का.

आता करार. आपण सगळे "आय अ‍ॅग्री" दाबून पुढे जातो, मी पण तेच करत होते. मागच्या वर्षी एकदा शांत बसून माझ्या दोन्ही सॉफ्टवेअरचे करार वाचले. एकात सरळ लिहिलंय की ग्राहकाने भरलेला डेटा फक्त सेवा देण्यासाठी वापरू. दुसऱ्यात "आमच्या आणि आमच्या समूहातल्या इतर सेवांची माहिती देण्यासाठी" असं एक वाक्य होतं, पार मधे, तिसऱ्या पानावर. ते वाक्य असेल तर त्यांनी तुमची परवानगी घेतलीय असं ते म्हणणार. पण माझं मत असं की तुमची परवानगी म्हणजे मास्तरांची परवानगी नव्हे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघा, त्यात माहिती ज्याची त्याला उद्देश सांगून संमती घ्यायची असते, आणि ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची. त्या कायद्याच्या भाषेत क्लायंटच्या माहितीचा डेटा फिड्युशरी म्हणजे जबाबदार तुम्ही आणि सॉफ्टवेअरवाला तुमच्या वतीने काम करणारा प्रोसेसर. अंमलबजावणी अजून पूर्ण सुरू व्हायचीय म्हणून लगेच दंड वगैरे होईल अशी आशा धरू नका, पण पत्र लिहिताना हा मुद्दा जरूर लिहा. आणि हे पण लक्षात घ्या की जबाबदार तुम्ही आहात म्हणजे उद्या क्लायंट तुम्हालाच विचारणार, माझा नंबर तिकडे गेला कसा.

मेल आणि मोबाईल न भरता चालवू असं कुणी सांगेल तर ते होत नाही, आयटीआरच्या फॉर्ममध्येच ते रकाने आहेत, रिटर्नच्या फाईलमध्ये ते जावंच लागतं.

आमच्या सीए लोकांचं तर आणखी अवघड आहे. १९४९ चा सीए कायदा, पहिली अनुसूची, कलम ६ आणि ७, आम्हाला काम मागत फिरता येत नाही आणि जाहिरातीवर बंधनं. वेबसाईट काढली तरी त्यात काय लिहायचं काय नाही याचे नियम. आणि कंपनी मात्र "सीए कडून रिटर्न भरून घ्या" असं मेट्रोच्या खांबावर लावू शकते, कारण कंपनी आमच्या सीए इन्स्टिट्यूटची सभासद नाही! नियम चांगल्या हेतूने केले होते, मी ते पाळते आणि पाळत राहणार, पण मैदान सपाट नाही हे म्हणायलाच पाहिजे.

---

हिंजवडी_फेज३

मी क्लायंटच्या बाजूचा. रागवू नका, पण खरं सांगतो.

मी पाच वर्षं आमच्या सोसायटीतल्या एका काकांकडून रिटर्न भरून घेत होतो. हजार रुपये. फॉर्म १६ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, दोन आठवड्यांनी ते पीडीएफ पाठवायचे. कधी एक प्रश्न विचारला नाही त्यांनी. मग २०२१ मध्ये आयकर खात्याचं नवीन पोर्टल आलं, पहिले काही महिने बंदच पडायचं ते, पण नंतर नीट चालायला लागलं, पगार, व्याज, डिव्हिडंड सगळं आधीच भरलेलं असतं. मला वाटलं की मग हजार रुपये कशाचे? अ‍ॅपवर गेलो, पाचशेत झालं, वीस मिनिटांत. माझ्यासारख्या फक्त पगारवाल्या माणसाला अ‍ॅप किंवा स्वतः पोर्टलवर भरणं हेच योग्य आहे, पोर्टलवर तर फुकट आहे.

पण पुढची गोष्ट पण सांगतो, ती तुमच्या कामाची आहे. माझी कंपनी अमेरिकन, मला आरएसयू मिळतात म्हणजे त्यांचे शेअर. अ‍ॅपमधल्या "एक्स्पर्ट"शी माझं बोलणं झालं चॅटवर, दरवेळी वेगळा माणूस. कुणी मला शेड्युल एफए बद्दल विचारलं नाही. ते शेअर अमेरिकेत ठेवलेले आहेत म्हणजे परदेशी मालमत्ता, ते वेगळ्या शेड्युलमध्ये दाखवावे लागतात, ते पण आपल्या एप्रिल-मार्चने नाही तर कॅलेंडर वर्षाने, जानेवारी ते डिसेंबर. आणि डिव्हिडंडवर तिकडे कापलेला टॅक्स इकडे वळता करून घ्यायचा तर फॉर्म ६७ भरायला लागतो. मला हे काहीच माहीत नव्हतं. २०२४ च्या नोव्हेंबरात आयकर खात्याने परदेशी मालमत्ता असणाऱ्यांना एसएमएस आणि मेल पाठवले, त्यात मला पण आला, तेव्हा कळलं. काळा पैसा कायद्यात हे न दाखवल्याचा दंड १० लाख आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांच्या आतल्या घर-जमीन सोडून बाकीच्या मालमत्तेला त्यातून सूट आहे हे मला नंतर एका सीए मॅडमनी सांगितलं, पण ते कळेपर्यंतच्या चार रात्री मी झोपलो नाही. त्यांनी रिव्हाइज्ड रिटर्न भरून दिलं, सहा हजार घेतले, आणि मी आनंदाने दिले. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं होतं, "कंपनी कुठली? शेअर मिळतात का?"

म्हणून सोसायटीतल्या काकांवर माझा राग आहे आणि अ‍ॅपवर पण आहे. दोघांनी प्रश्न विचारला नाही. अ‍ॅप स्वस्त होतं एवढाच फरक.

---

जुना_सपोर्टवाला

मी चार वर्षं अशाच एका कंपनीत सपोर्टला होतो (ही कंपनी तीच आहे का मला माहीत नाही, आणि नाव मी पण घेणार नाही). आतून कसं चालतं ते सांगतो, म्हणजे उपाय कुठं करायचा ते कळेल.

लोकांना वाटतं कंपनीत कुणीतरी बसून कन्सल्टंटचा डेटाबेस काढतो आणि मेसेज सोडतो. मी होतो तिथं तसं नव्हतं, तशी गरजच नव्हती. तुम्ही रिटर्न भरलं की सॉफ्टवेअर क्लायंटला "तुमचं रिटर्न भरलं गेलं" असा मेल किंवा मेसेज पाठवतं, बरोबर? तो कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. त्यात पावती बघायला लिंक असते. क्लायंट लिंक दाबतो, तिथं मोबाईल टाकून ओटीपी घ्यायला सांगतात, आणि खाली एक चौकोन आधीच टिक केलेला असतो, "मला ऑफर आणि माहिती पाठवा." झालं. त्या क्षणी तो तुमचा क्लायंट असतानाच कंपनीचा पण ग्राहक झाला, स्वतःच्या ओटीपीने. पुढच्या जूनमध्ये त्याला जाणारा मेसेज तुमच्या डेटावरून जात नाही, त्याच्या स्वतःच्या खात्यावरून जातो. कसबापेठ मॅडम म्हणतात ते म्हणून महत्त्वाचं, भांडायला गेलात तर ते हेच दाखवतील.

कंपनी असं का करते? सरळ हिशोब आहे. देशात कन्सल्टंट आणि सीए किती, त्यांना लायसन्स विकून विकून किती विकणार, आणि ते रिन्यूअलला घासाघीस करतात. रिटर्न भरणारे लोक मात्र कोट्यवधी. गुंतवणूकदाराला वाढ दाखवायची असते. मीटिंगमध्ये मी स्वतः ऐकलेलं आहे, "प्रोफेशनल हा आपला चॅनल आहे." चॅनल म्हणजे पाट. पाण्याला शेवटी शेतात जायचंय. त्यांच्यात वाईट माणसं होती असं नाही, पण तुम्ही ग्राहक आहात असं तुम्हाला वाटतं आणि त्यांना तुम्ही रस्ता वाटता, हा फरक आहे.

करायचं काय तर पहिलं म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन क्लायंटला आपोआप जाणारे सगळे मेल-मेसेज बंद करा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय असतो, लपलेला असतो पण असतो. पावती आणि कॉम्प्युटेशनची (कराच्या हिशोबाची) पीडीएफ डाउनलोड करून तुमच्या स्वतःच्या मेलवरून, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवा.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट कुणी बोललं नाही. पासवर्ड. तुम्ही लिहिलंय एआयएस आपोआप येतं. म्हणजे क्लायंटच्या आयकर पोर्टलचा पासवर्ड तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह केलाय, तुमचे सगळे क्लायंट, सगळ्यांचे पासवर्ड, कंपनीच्या सर्व्हरवर. नंबर गेला तर ४९९ चा मेसेज येतो. पासवर्ड गेला तर परताव्याचं बँक खातं बदलता येतं. एवढ्या वर्षांत मला झोप उडवणारी गोष्ट हीच होती. सीझन संपला की सेव्ह केलेले पासवर्ड काढून टाका आणि क्लायंटला बदलायला सांगा. पोर्टलवर क्लायंट आपला सीए किंवा अधिकृत प्रतिनिधी जोडू शकतो, जिथं जमेल तिथं ती वाट वापरा.

---

नलूताई_न्यूजर्सी

मी मूळची सांगलीची, एडिसनला असते, एनरोल्ड एजंट आहे म्हणजे आयआरएसची (अमेरिकेच्या कर खात्याची) तीन भागांची परीक्षा देऊन लायसन्स घेतलेली. तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला कारण हे सगळं आम्ही बघून बसलोय.

इकडे इंट्यूट नावाची कंपनी आहे. लोक स्वतः रिटर्न भरायला टर्बोटॅक्स वापरतात, ते त्यांच्याकडे १९९३ पासून. आणि आमच्यासारख्या प्रोफेशनल लोकांची लासर्ट आणि प्रोसिरीज ही सॉफ्टवेअर पण त्यांचीच, लासर्ट त्यांनी १९९८ मध्ये विकत घेतलं. बरीच वर्षं वाटणी ठरलेली होती, ज्याला स्वतः भरायचंय तो टर्बोटॅक्सवर, ज्याला माणूस पाहिजे तो आमच्याकडे. २०१७ मध्ये टर्बोटॅक्स लाइव्ह आलं, स्क्रीनवर सीपीए (इकडचे सीए) किंवा एनरोल्ड एजंट येऊन मदत करणार. त्यानंतर फुल सर्व्हिस आली, सगळं आम्हीच भरून देतो. म्हणजे सीमा ओलांडली. दर वर्षी लायसन्सचे पैसे आम्ही त्याच कंपनीला भरायचे आणि टीव्हीवर तिचीच जाहिरात बघायची. शिवाय त्यासाठी लागणारे एजंट ते आमच्यातूनच सीझनपुरते घेतात. माझ्या ओळखीच्या दोघी तिथं काम करतात, घरबसल्या, मुलं लहान आहेत, त्यांना ते सोयीचं आहे, त्यांना मी नावं ठेवत नाही.

पण आमच्याकडे एक आधार आहे जो तुमच्याकडे अजून नीट नाही. कलम ७२१६. रिटर्न तयार करणाऱ्याने रिटर्नमधली माहिती करदात्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरली किंवा दिली तर तो फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. संमतीचा मजकूर कसा असावा हे पण ठरवून दिलेलं आहे. त्यामुळे मी क्लायंटकडून दर जानेवारीत एक पान सही करून घेते, त्यात कुठलं सॉफ्टवेअर, डेटा कुठं राहतो, कशाला परवानगी देताय कशाला नाही, हे सगळं असतं. दहा वर्षांपूर्वी मला तो कागद म्हणजे कटकट वाटायची. आता तोच कागद घेऊन मी क्लायंटशी दहा मिनिटं बोलते आणि त्या दहा मिनिटांत घर विकलं का, मुलगा कॉलेजला गेला का, भारतात एफडी आहे का, हे सगळं कळतं. भारतातली एफडी तर आमच्या मराठी लोकांची दर वर्षीची गोष्ट, वर्षात कधीही सगळ्या परदेशी खात्यांचे मिळून १०,००० डॉलरच्या वर गेले की एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म भरायचा, आणि आईच्या नावाबरोबर जॉइंट नाव असलेलं सांगलीतलं खातं कुणाला आठवत नाही! विचारावं लागतं.

माझे साधे क्लायंट गेले. एकच डब्ल्यू-२ (तुमच्या फॉर्म १६ सारखा पगाराचा कागद), भाड्याचं घर, असे सगळे गेले, तीन-चार वर्षांत. त्या वेळी फार लागलं मनाला. मी सॉफ्टवेअर बदललं, पण खरं सांगते, त्याने फार काही बदललं नाही, समाधान मिळालं एवढंच.

---

सोलापूर_१९८९

मी आता सत्तरीला आलोय. बॉम्बे सेल्स टॅक्सची चलनं हाताने भरली, मग १ एप्रिल २००५ ला व्हॅट, मग महापालिकेचा एलबीटी कर आला आणि गेला, मग १ जुलै २०१७ ला जीएसटी. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की आता कन्सल्टंट संपला. आयकरात सरळ नावाचा फॉर्म आला तेव्हा पण हेच, एक पानी फॉर्म, आता कुणाला विचारायची गरज नाही. तरी मी तुम्हाला "काही होत नाही" असं सांगणार नाही, कारण या वेळी खरंच वेगळं आहे. तेव्हा फॉर्म बदलत होते, आपल्याला फॉर्म विकणारा माणूस आपल्या शेजारी येऊन बसत नव्हता.

सपोर्टवाल्यांनी पाटाची गोष्ट सांगितली ती मला पटली, आणि त्यावरून आठवलं ते लिहितो. सॉफ्टवेअर काय करतं, सरकारच्या युटिलिटीत, म्हणजे रिटर्न भरायच्या खात्याच्या प्रोग्राममध्ये जे बसवलंय ते करतं. जुलै २०२४ आठवा. कलम ८७ए ची करातली सूट, तेव्हा नवीन पद्धतीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर. ५ जुलैला युटिलिटी बदलली आणि शेअरच्या अल्पकालीन नफ्यावर ती सूट मिळायची बंद झाली. ज्याने जूनमध्ये भरलं त्याला मिळाली, ज्याने जुलैच्या मध्यात भरलं त्याला नाही, कायदा तोच. सगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर त्याच रात्री तशी वागायला लागली, कारण दुसरं काही त्यांना करताच येत नाही. भांडलं कोण? मुंबईतल्या करसल्लागारांची संस्था, चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स, हायकोर्टात गेली. डिसेंबरमध्ये अंतरिम आदेश झाला, १५ जानेवारी २०२५ पर्यंत मुदत वाढवावी लागली, आणि नंतर कोर्टाने सांगितलं की करदात्याला दावा करायची वाटच सॉफ्टवेअरने बंद करता येणार नाही. पुढे सरकारने २०२५-२६ च्या उत्पन्नापासून कायद्यातच बदल करून ती सूट अशा उत्पन्नावर बंद केली तो भाग वेगळा. माझ्याकडे त्या वेळी चौदा माणसं होती अशी. प्रत्येकाला फोन करून बोलावलं, डिसेंबरच्या थंडीत ऑफिसात बसून रिव्हाइज्ड भरली. कुणाचे बारा हजार होते, कुणाचे वीस. यासाठी मला कुणाचा मेसेज आला नव्हता, पेपर वाचला होता आणि क्लायंट लक्षात होते.

इचलकरंजीकर, तुमचे खर्चीवाले त्या अ‍ॅपवर जाणार नाहीत, निदान लगेच नाही. त्यांना ४४एडीत सहा टक्के कुठल्या रकमेवर आणि आठ टक्के कुठल्या रकमेवर हे चॅटवर कोण समजावणार, मजुरीतली रोख किती, बँकेतून किती. त्यांच्या जीएसटीत माल देणाऱ्याने बिल टाकलं नाही म्हणून २बीमध्ये (पोर्टलवरच्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत) दिसत नाही, मग एएसएमटी-१० म्हणजे तफावतीची नोटीस येते, तिला तीस दिवसांत उत्तर द्यायचं, ते कोण देणार. तुम्ही नोकरदारांचे सातशे रुपये धरून बसू नका असं मला वाटतं. खर्चीवाल्यांना वर्षातून एकदा रिटर्नला न बोलावता चारदा बोलवा.

एक इशारा मात्र देतो. सातशे टिकवायला म्हणून जास्त परतावा काढून देतो असं कुणी करू नका. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी तपासणी केली, खोट्या वजावटी लावणाऱ्या मध्यस्थांवर. राजकीय पक्षाच्या देणग्या, खोटा घरभाडे भत्ता, हे सगळं. आपल्या धंद्यातलेच लोक होते त्यात. स्पर्धेने माणूस अशा वाटेला लागतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि त्यात शेवटी शिक्षक नि कंडक्टर भरडले जातात.

---

खर्चीवाल्यांचा_सल्लागार (इचलकरंजी)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय काय केलं ते सांगतो.

सपोर्टवाले दादा म्हणाले तसंच निघालं. अकरापैकी आठ जणांनी पावतीच्या लिंकवर ओटीपी टाकला होता, माझ्याच सॉफ्टवेअरमधून गेलेल्या. म्हणजे लिंक पाठवणारा मीच. दोघांनी स्वतः जाहिरात बघितली होती, एकाला आठवत नाही. आपोआप जाणारे मेसेज बंद केले, सेटिंग सापडायला मुलीला दीड तास लागला. पासवर्ड सगळे काढले. पुढच्या सीझनला पुन्हा टाकायला त्रास होणार आहे, हरकत नाही. कंपनीला मेल लिहिला, मॅडमनी सांगितलेले मुद्दे घालून. उत्तर आलं, गोड भाषेत, "ग्राहकाच्या संमतीनेच संपर्क केला जातो." मी परत लिहिलंय की आधीच टिक केलेला चौकोन ही संमती कशी, त्याला उत्तर नाही अजून. सॉफ्टवेअर मार्चपर्यंतचं भरलेलं आहे, तोपर्यंत सगळ्यांच्या फाईली आणि मास्टर काढून ऑफिसच्या हार्डडिस्कवर घेतोय, दोन प्रती.

मास्तर परवा परत आले. त्यांना गेल्या वर्षी मागच्या चार वर्षांच्या वेतन फरकाची रक्कम एकदम मिळाली होती, तिकडे भरताना कलम ८९ ची, म्हणजे फरकाच्या रकमेवरची सूट घेतली पण त्यासाठी लागणारा फॉर्म १०ई भरलाच नाही, मग सूट नामंजूर होऊन एकतीस हजारांची डिमांड आली. १०ई भरला आणि रिव्हाइज्ड टाकलं, २०२५ मध्ये ३१ डिसेंबरपर्यंत मुदत होती म्हणून बरं. फी सांगताना पहिल्यांदाच मी सातशे म्हटलं नाही, दीड हजार म्हटलं, त्यांनी एक शब्द काढला नाही. उरलेल्या दहा जणांचं रिटर्न मात्र नीट झालंय, मी सगळ्यांचं बघितलं, साधंच काम होतं, त्यांनी चूक केली असं मला आता वाटत नाही. पण मास्तरांना मेसेज आला तेव्हा त्यांना वाटलं तो माझा आहे, ते मनातून जात नाही माझ्या. नऊ वर्षांच्या विश्वासावर दुसऱ्यानं सही केल्यासारखं आहे ते.

दिवाळीआधी सगळ्यांना एक पत्र देतोय, नलूताईंच्या कागदावरून सुचलं. मजकूर असा केलाय, काही चुकत असेल तर सांगा:

*"तुमचं रिटर्न आम्ही संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करतो. त्यासाठी तुमचा पॅन, मोबाईल, ईमेल, बँक खातं आम्ही त्यात भरतो. ही माहिती फक्त रिटर्नसाठी आहे. आमच्या ऑफिसकडून येणारा मेसेज फक्त खाली दिलेल्या दोन नंबरवरूनच येईल. दुसऱ्या कुणाचा आला तर तो आमचा नाही, त्यांच्याकडे काम द्यायचं की नाही हा तुमचा निर्णय. या वर्षात घर किंवा जमीन घेतली-विकली, फरकाची रक्कम मिळाली, शेअर घेतले-विकले, मुलगा-मुलगी परदेशात गेले, कर्ज घेतलं, यातलं काहीही झालं असेल तर मार्चच्या आधी एकदा येऊन जा. यायचे पैसे नाहीत."*

---

सीए_कसबापेठ

छान झालंय दादा. दोन बदल करा. "ही माहिती फक्त रिटर्नसाठी आहे" याच्या जागी "रिटर्न, नोटिशीला उत्तर आणि तुमच्या जीएसटीच्या कामासाठी" असं लिहा, नाहीतर उद्या नोटिशीला उत्तर देताना तुम्हीच तुमच्या शब्दात अडकाल. आणि खाली क्लायंटची सही व तारीख घ्या, एक प्रत त्याला, एक फाईलला. संमती काढून घ्यायची असेल तर कुणाला सांगायचं तेही एका ओळीत लिहा.

आणि "यायचे पैसे नाहीत" ते वाक्य काढा. खर्चीवाला मार्चमध्ये येऊन अर्धा तास बसणार, तुम्ही त्याचा वर्षाचा हिशोब बघून सांगणार, त्याचे पैसे घ्या.

---

खर्चीवाल्यांचा_सल्लागार (इचलकरंजी)

पहिले दोन लगेच करतो मॅडम. तिसऱ्याचं बघतो, गाळ्यावर मंदी आहे सध्या, निम्मे माग बंद आहेत. या वर्षी राहू दे ते वाक्य.